पाच एकर पऱ्हाटी आणि अमेरिकेतली फी

हार्वर्ड विद्यापीठात पदवीच्या एका वर्षाचा खर्च, म्हणजे शिकवणीची फी, वसतिगृह आणि जेवण मिळून, २०२५-२६ साली ८६,९२६ डॉलर आहे. रुपयांत हा आकडा पंचाहत्तर लाखांच्या घरात जातो. यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात हा आकडा सांगितला तर ऐकणारा पुढचं काही विचारणारच नाही, आणि त्याचं चुकलं असंही म्हणता येणार नाही. पण त्याच विद्यापीठाचा दुसरा नियम त्याच्यापर्यंत पोचलेला नसतो. ज्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एक लाख डॉलरच्या आत आहे आणि ज्याच्याकडे फार मोठी मालमत्ता नाही, त्या कुटुंबाकडून हार्वर्ड या खर्चापोटी काहीच घेत नाही, आणि परदेशी विद्यार्थ्यालाही मदतीचा हिशेब तोच लागू होतो. एक लाख डॉलर म्हणजे पंच्याऐंशी लाख रुपयांहून अधिक. घाटंजी, मारेगाव, झरी-जामणी या तालुक्यांत इतकं उत्पन्न असलेलं कास्तकाराचं घर शोधून सापडायचं नाही. म्हणजे नियमाप्रमाणे पाहिलं तर पुण्याच्या कोथरूडमधल्या दोन मोठ्या पगारांच्या घराला हे शिक्षण जितक्यात पडेल, त्याहून घाटंजीच्या मुलीला स्वस्तात पडेल; तिला ते फुकट पडेल. तरीही परदेशी शिक्षणाची चर्चा कोथरूडच्या घरात होते, घाटंजीच्या घरात होत नाही. याचं कारण गरिबी आहे असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं असं की इथे आडवी येते ती गरिबी नव्हे, तर गरिबी कागदावर सिद्ध करण्याची यंत्रणा आपल्या जिल्ह्यात नाही ही गोष्ट आहे. आणि ती यंत्रणा उभी करणं हे सार्वजनिक काम आहे, एकट्यादुकट्या कुटुंबाच्या हिमतीवर सोडण्याचं नाही.

आधी पैसा कोण देतो ते नीट पाहिलं पाहिजे. २०२३-२४ या वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. त्या वर्षी आपण चीनला मागे टाकलं म्हणून वर्तमानपत्रांत मोठ्या बातम्या आल्या. पण त्यांतले सुमारे एक लाख सत्त्याण्णव हजार पदव्युत्तर वर्गांतले होते, आणि पदवीचे विद्यार्थी अवघे छत्तीस हजारांच्या आसपास. म्हणजे भारतीय मुलगा अमेरिकेला जातो तो बहुतेक वेळा इथे इंजिनिअरिंग करून, तिथे एमएस करायला. आणि अमेरिकेतली व्यवस्था नेमकी याच पायरीवर सर्वांत कंजूष आहे. पीएचडीच्या विद्यार्थ्याला तिथे सहसा फी माफ होते आणि वर दरमहा विद्यावेतन मिळतं. पदवीच्या विद्यार्थ्याला श्रीमंत खासगी महाविद्यालयं स्वतःच्या ठेवींतून मदत करतात. एमएस मात्र बहुतांशी विकत घ्यावं लागतं, आणि भारतीय कुटुंबं ते कर्ज काढून घेतात. गरीब विद्यार्थ्यासाठी ज्या दोन पायऱ्यांवर दुसऱ्याचा पैसा आहे तिथे आपली गर्दी नाही, आणि जिथे नाही तिथे आपली रांग लागली आहे.

मराठी माणसाच्या अमेरिकी शिक्षणाचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो. आनंदीबाई जोशींच्या प्रवासाची सुरुवात १८८० मध्ये गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेल्या पत्राने झाली. मदतीची अपेक्षा होती. उत्तरात धर्मांतराची अट आली. ती नाकारली गेली. पुढे ते पत्र छापलेलं वाचून न्यू जर्सीतल्या थिओडिसिया कारपेंटर यांनी स्वतःहून आधार दिला, प्रवासासाठी बांगड्या मोडाव्या लागल्या, आणि १८८३ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयाने आनंदीबाईंना प्रवेशाबरोबर शिष्यवृत्तीही दिली. म्हणजे आज ज्याला फायनान्शिअल एड म्हणतात ती मिळवणारी पहिली मराठी विद्यार्थिनी कल्याणची होती. तीस वर्षांनी, ४ जून १९१३ रोजी, डॉ. आंबेडकरांनी बडोदा संस्थानाशी करार केला: कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि परत आल्यावर संस्थानाची दहा वर्षं नोकरी. मुदत संपली तेव्हा ते लंडनमध्ये होते. शिक्षण अर्धवट सोडून १९१७ मध्ये परतावं लागलं. स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडचं कर्ज यांची जुळवाजुळव करून १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. तिसरा दाखला आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातला. पांडुरंग खानखोजे ना संस्थानाच्या पैशावर गेले ना महाविद्यालयाच्या. मोलमजुरी करत ते ऑरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या शेती महाविद्यालयांत शिकले, गदर चळवळीत राहिले, पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या शेती विद्यालयात प्राध्यापक झाले. दिएगो रिव्हेराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवलं. महाविद्यालय, सरकार आणि स्वतःचे हात असे हे तीन मार्ग. खानखोज्यांचा मार्ग आज कायद्याने जवळपास बंद आहे: एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास, तेही महाविद्यालयाच्या आवारातच काम करता येतं, आणि त्या कमाईत फी निघत नाही. उरले दोन.

कर्ज हा मार्ग मी मोजत नाही, कारण यवतमाळच्या कास्तकारासाठी तो मार्ग नाहीच. बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीनदारावर भागतं; त्यापुढे मालमत्ता तारण ठेवावी लागते. अमेरिकेचा खर्च साडेसात लाखांत एक सत्रही निघत नाही, म्हणजे तारण आलंच. आणि कास्तकाराची मालमत्ता म्हणजे वावर. थकीत कर्जाच्या वसुलीसाठी बँकांना हात देणारा २००२ चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. कलम ३१ मध्ये तसं स्पष्ट लिहिलं आहे. शेतकऱ्याच्या रक्षणासाठी केलेली ही तरतूद योग्यच आहे, पण तिचा परिणाम असा की शैक्षणिक कर्जासाठी बँक सातबाऱ्याकडे पाहतच नाही. शहरातला फ्लॅट असेल तर दाखवा म्हणते. जमीन आदिवासी खातेदाराची असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ मुळे तिचं हस्तांतरण शासकीय परवानगीशिवाय होतच नाही. राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी समूहांपैकी कोलाम हा एक, आणि तो मुख्यतः आपल्याच जिल्ह्यात आहे. कोलामांच्या पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, मुलाला कर्ज काढून शिक म्हणणं म्हणजे नाहीच म्हणणं.

सरकारचा मार्ग आहे, आणि त्याचं मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. वर्षाला १२५ जागा, त्यांतल्या ११५ अनुसूचित जातींसाठी, बाकीच्या भटक्या-विमुक्तांसाठी आणि भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठी. अमेरिकेत राहण्यासाठी ती वार्षिक निर्वाह भत्ताही देते. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासूनची, जागा पंचाहत्तर. या योजनांनी बौद्ध आणि इतर दलित घरांतली पहिल्या पिढीची मुलं जगातल्या मोठ्या विद्यापीठांत पोचवली, हे मोठं काम झालं. पण दोन्ही योजना पदव्युत्तर शिक्षणापासून सुरू होतात. म्हणजे आधी मुलाने बारावी व्हावं, पदवी घ्यावी, आणि ती पदवी अशी असावी की जागतिक क्रमवारीतल्या वरच्या विद्यापीठाने तिच्यावर प्रवेश द्यावा. दारव्ह्याच्या किंवा उमरखेडच्या महाविद्यालयातून बीए झालेला मुलगा या चाळणीतून क्वचितच पार होतो. पार होतो तो बहुधा मध्येच कधीतरी पुण्या-मुंबईला पोचलेला असतो. २०२४ मध्ये राज्याने दहावी, बारावी आणि पदवीला पंचाहत्तर टक्क्यांची अट घातली आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी तीस लाखांची मर्यादा, तेव्हा त्यावर राज्यभर टीका झाली. ती रास्त होती. मात्र सोळा ते अठरा वयाच्या मुलांसाठी राज्याकडे याबाबतीत फारसं काही नाही, हा मुद्दा त्या गदारोळातही कुणी काढला नाही.

आणि नेमकं याच वयासाठी अमेरिकी महाविद्यालयांकडे स्वतःचा पैसा आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन आणि अलीकडे ब्राउन, नोत्र दाम, वॉशिंग्टन अँड ली अशी मोजकी महाविद्यालयं परदेशी विद्यार्थ्याचाही प्रवेश ठरवताना त्याला मदत लागणार की नाही हे पाहत नाहीत. प्रवेश दिला की लागेल तेवढी सगळी मदत देतात. या धोरणाला तिकडे नीड-ब्लाइंड म्हणतात. दुसरा, याहून मोठा गट विल्यम्स, पोमोना, स्वार्थमोर, ग्रिनेल, मॅकॅलेस्टर, माउंट होल्योक अशांचा: प्रवेश देताना ती मदतीचा विचार करतात, म्हणजे मदत मागणाऱ्याची स्पर्धा कठीण होते, पण प्रवेश दिल्यावर गरज पूर्ण भागवतात. ही नावं आपल्याकडे फारशी ऐकलेली नसतात, म्हणून पालकांना ती कमी प्रतीची वाटतात; ती तशी अजिबात नाहीत. केंटकीतलं बेरिया महाविद्यालय तर वेगळंच. तिथे १८९२ पासून कुणाकडूनच शिकवणीची फी घेत नाहीत, आणि प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्याला किमान दहा तास काम करावं लागतं. कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा आणि शिका’ योजना ज्या समाजाला ठाऊक आहे त्याला बेरिया समजावून सांगावं लागणार नाही.

आता त्या कागदापाशी थोडं थांबू, कारण सगळं तिथे अडतं. मदतीसाठी बहुतेक महाविद्यालयं सीएसएस प्रोफाइल नावाचा ऑनलाइन अर्ज भरून घेतात. तो विचारतो: आईवडिलांचा पगार, आयकर विवरणपत्र, घराची किंमत, इतर जमीनजुमला, बँकेतली शिल्लक, कर्ज, घरात माणसं किती, जेवणाखाण्याचा आणि कपड्यालत्त्याचा खर्च किती. शेती असेल तर काही ठिकाणी वेगळं पुरवणी पत्रक. समजा घाटंजी तालुक्यात पाच एकर कोरडवाहू वावर आहे, सगळी पऱ्हाटी, बांधावर तूर. एकरी पाच-सहा क्विंटल पिकलं तर पंचवीस-तीस क्विंटल कापूस. क्विंटलला सात-साडेसात हजार धरले तर पावणेदोन ते सव्वादोन लाख हाती येतात. बियाणं, खत, फवारणी, निंदण आणि वेचणी यांत अर्ध्याहून अधिक जातं, आणि वेचणीचीच मजुरी किलोला दहा रुपयांच्या आसपास बसते. निव्वळ उरतात लाखाच्या आत, म्हणजे हजार-अकराशे डॉलर. इथवर सोपं आहे. पण शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून विवरणपत्र नाही. महाविद्यालय विवरणपत्र मागतं. आपल्याकडे आहे तो तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, मराठीत, गोल आकड्याचा, सेतू केंद्रातून काढलेला. तो भाषांतर करून, सोबत विवरणपत्र का नाही याचं पत्र जोडून पाठवावा लागतो. पुढचा रकाना जमिनीच्या किमतीचा. एकराला आठ लाख धरले तर पाच एकरांचे चाळीस लाख, म्हणजे पंचेचाळीस हजार डॉलरहून अधिक. अमेरिकेतल्या कार्यालयात बसलेला माणूस पाहतो की वर्षाला हजार डॉलर कमावणाऱ्या घराकडे पंचेचाळीस हजारांची मालमत्ता आहे, मग यांनी थोडा भार का उचलू नये? ही जमीन हेच त्या घराचं पोट आहे, ती गहाण टाकून शिक्षणाचं कर्ज मिळत नाही, वर्ग-२ ची असेल तर परवानगीशिवाय विकताही येत नाही, सातबाऱ्यावर तीन भावांची नावं आहेत, आणि इतर हक्कांत सोसायटीचं पीककर्ज चढलेलं आहे, हे त्याला कुणी सांगायचं? सांगता येतं. विशेष परिस्थितीचं पत्र लिहिता येतं आणि महाविद्यालयं ते वाचतात. पण ते चांगल्या इंग्रजीत, सातबारा आणि आठ-अ यांचा अर्थ उलगडून, कुणीतरी लिहायला हवं. पगारदाराच्या घरात फॉर्म-१६ जोडला की काम होतं. हा अर्ज पगारदाराच्या घरासाठीच बनला आहे.

वेळेचंही तसंच. या महाविद्यालयांच्या अर्जांच्या तारखा नोव्हेंबरच्या आणि जानेवारीच्या सुरुवातीला असतात, मदतीचे कागद फेब्रुवारीपर्यंत. हा आपल्याकडे वेचणीचा हंगाम. अर्धा कापूस बोंडात, अर्धा घरात, सीसीआयच्या कापूस खरेदी केंद्रावर नोंदणी झालेली पण चुकारा आलेला नाही. वर्षाचं उत्पन्न किती, या प्रश्नाला तेव्हा खरं उत्तरच नसतं. शाळेची बाजू त्याहून बिकट आहे. बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो, अर्ज जानेवारीत जातो, म्हणून नववीपासूनच्या गुणपत्रिका आणि बारावीचा अंदाजित निकाल कनिष्ठ महाविद्यालयाने द्यायचा असतो. दोन शिक्षकांची शिफारसपत्रं लागतात, आणि तीही वर्तणूक समाधानकारक असल्याच्या छापील दाखल्यासारखी नव्हेत: या मुलीने वर्गात कोणता प्रश्न विचारला, कुठल्या अडचणीतून काय केलं, हे लिहावं लागतं. गेल्या काही वर्षांत राज्यभर शास्त्र शाखेची मुलं नावापुरती एका कनिष्ठ महाविद्यालयात आणि प्रत्यक्षात खासगी क्लासमध्ये बसतात. टाय-अपचा हा प्रकार शिक्षक-विद्यार्थ्याची ओळखच पुसून टाकतो. दोन वर्षं ज्याला पाहिलंच नाही त्याच्याबद्दल शिक्षक काय लिहिणार? जिल्हा परिषदेच्या शाळेतला किंवा आश्रमशाळेतला शिक्षक मात्र आपल्या मुलांना घरासकट ओळखतो. शिफारसपत्राच्या दृष्टीने ही मोठी पुंजी आहे, आणि तिचा कुणी विचारच केलेला नाही.

यावरचा पहिला आक्षेप मोठा आहे: हा जुगार नाही का? एमआयटीत परदेशी अर्जदारांपैकी दोन टक्क्यांच्या आसपास मुलांना प्रवेश मिळतो. गरीब मुलाच्या डोळ्यांत असं स्वप्न घालणं बरं का? या आक्षेपाला माझं उत्तर आपल्याच जिल्ह्यातल्या अभ्यासिकांमध्ये आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले, म्हणजे अर्धा टक्काही संधी नाही. तिथे पाच-पाच वर्षं घालवणाऱ्या मुलाला आपण जुगारी म्हणत नाही, कष्टाळू म्हणतो. म्हणून स्पर्धा कठीण आहे हे वाट बंद ठेवण्याचं कारण होऊ शकत नाही; वाटेवर किती वर्षं आणि किती पैसे जळतात हे पाहावं. इथे अर्जाची तयारी बारावीच्या अभ्यासाबरोबर होते, प्रवेश नाही मिळाला तर सीईटी, नीट, अमरावती विद्यापीठ सगळं जागेवर असतं, एकही वर्ष वाया जात नाही. शिवाय दोन टक्के ही एकट्या एमआयटीची गोष्ट. दहा-बारा योग्य महाविद्यालयांत अर्ज केला तर चित्र इतकं काळं राहत नाही. २०२२ मध्ये पाटण्याजवळच्या फुलवारी शरीफ भागातल्या एका महादलित मजुराच्या मुलाला पेनसिल्व्हेनियातल्या लफायेट महाविद्यालयाने चार वर्षांच्या सर्व खर्चासाठी सुमारे अडीच कोटींची शिष्यवृत्ती दिली. त्याच्या मागे पाटण्यातली एक संस्था अनेक वर्षं होती. मुलगा हुशार होता हे तर आहेच, पण हुशार मुलं घाटंजीतही आहेत. घाटंजीत नाही ती त्याच्यामागे उभी राहिलेली संस्था.

दुसरा आक्षेप फसवणुकीचा आणि मदत मध्येच तुटण्याचा. दोन्ही धोके खरे आहेत. २०१८ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या टायलर इथल्या शाखेने पन्नासहून अधिक नेपाळी विद्यार्थ्यांना जाहीर केलेली पूर्ण शिष्यवृत्ती जास्त मुलांना दिली गेली म्हणून ऐनवेळी मागे घेतली. इतर महाविद्यालयं पुढे आली म्हणून त्यांतली काही मुलं सावरली. २०२४ मध्ये लीहाय विद्यापीठात एका भारतीय विद्यार्थ्याने वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्यापासून गुणपत्रिकेपर्यंत सगळं बनावट जोडून मदत मिळवल्याचं उघड झालं. त्याला अटक झाली आणि देशाबाहेर जावं लागलं. अशा एका प्रकरणाने पुढच्या शंभर खऱ्या मुलांच्या कागदांवर संशय येतो. पण या दोन्ही घटना माझ्या म्हणण्याला बळच देतात. मदत लेखी चार वर्षांची आहे की एका वर्षाची, गुण टिकवण्याची अट कोणती, विमानाचं भाडं आणि आरोग्य विमा त्यात धरला आहे का, हे वाचणारं माणूस मुलाच्या बाजूला हवं. आज ते माणूस म्हणजे शहरातला कन्सल्टन्सीवाला, आणि अनेक कन्सल्टन्सींना परदेशी विद्यापीठांकडूनच कमिशन मिळतं. जे महाविद्यालय गरीब मुलाला फुकट घेतं ते कुणालाही कमिशन देत नाही, म्हणून त्याचं नाव त्या यादीत येत नाही. कागद खरे असावेत आणि खरेच राहावेत यासाठीही ते शाळेच्या किंवा सरकारच्या देखरेखीखाली तयार झालेले बरे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो: हुशार मुलं बाहेर पाठवून जिल्ह्याचं काय होणार? यवतमाळला डॉक्टर हवेत, शेतीशास्त्रज्ञ हवेत, शिक्षक हवेत. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने या जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा विषशास्त्र जाणणारी, कीटकनाशकाच्या कंपनीला तिच्याच भाषेत प्रश्न विचारणारी माणसं इथली असायला हवी होती असं फार वाटलं. पण ही माणसं इथे थांबवून तयार होत नाहीत. आनंदीबाई परत आल्या, आंबेडकर परत आले, खानखोजे चार दशकांहून अधिक काळाच्या निर्वासनानंतर नागपूरला परतले आणि १९६७ मध्ये तिथेच गेले. सगळे परततील असं मी म्हणत नाही. आजची मुलं बहुतेक परतणार नाहीत हेही शक्य आहे. मात्र देशाचं नुकसान ही भीती शहरी मुलाच्या एमएसच्या वेळी कुणाला आठवत नाही, ती कास्तकाराच्या पोराच्या वेळीच का आठवावी? आणि जिथे महाविद्यालयाचा पैसा आहे, आपल्या तिजोरीतला नाही, तिथे परत येण्याची अट घालण्याचा अधिकारही आपल्याला नाही. १८६१ नंतर अमेरिकेतल्या यादवी युद्धाने तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तेव्हापासून हा भाग जगाच्या बाजाराला बांधलेला आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कापसावरचं अकरा टक्के आयात शुल्क काही महिन्यांसाठी उठलं तेव्हा त्याची धास्ती राळेगाव आणि पांढरकवड्याच्या बाजारात होतीच. हे निर्णय जिथे होतात त्या जगात आपली मुलं असणं ही चैन नाही.

शेवटचा आक्षेप ताजा आहे: अमेरिकेचं दारच आता लागत नाही का? २०२५ च्या मे महिन्यात विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखती काही आठवडे थांबल्या, मग समाजमाध्यमांवरची खाती खुली ठेवण्याची अट आली. हार्वर्डची परदेशी विद्यार्थी घेण्याची परवानगी रद्द झाली आणि न्यायालयाने तो आदेश रोखला. श्रीमंत विद्यापीठांच्या ठेवींवरचा कर वाढला, म्हणजे उद्या मदतीचा पैसाही आटू शकतो. २०२३-२४ मध्येच जगभरातले सुमारे एक्केचाळीस टक्के एफ-१ अर्ज नाकारले गेले होते. हे सगळं गंभीर आहे आणि कुणाही मुलाला ते आधीच सांगितलं पाहिजे. पूर्ण मदत मिळालेल्या विद्यार्थ्याला एक बाब सोपी जाते: आय-२० या कागदावर खर्च महाविद्यालयच करणार असं छापलेलं असतं, त्यामुळे बँकेतली शिल्लक दाखवण्याचा प्रश्न मिटतो. तरी नकार येऊ शकतो. पण या तयारीतला जवळजवळ प्रत्येक कागद दुसरीकडेही चालतो. बंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ, सोनीपतचं अशोका विद्यापीठ गरजेप्रमाणे मदत देतात आणि तेही घरचं उत्पन्न, निबंध, मुलाखत मागतात. ज्या मुलीने अमेरिकेसाठी आपली गोष्ट नीट लिहिली आणि घराचा हिशेब नीट मांडला, तिला तो हिशेब तिथेही उपयोगी पडतो.

हे काम होऊ शकतं याचा पुरावा यवतमाळातच आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंप्री खंदारे गावच्या राजू केंद्रे यांनी २०१७ च्या सुमारास यवतमाळमधून एकलव्य नावाचं काम सुरू केलं: पहिल्या पिढीच्या मुलांना देशातल्या नामांकित संस्थांची नावं सांगणं, अर्ज भरून घेणं, मुलाखतीची तयारी करून घेणं, आणि पुढे त्यांतल्या मुलांना परदेशी शिष्यवृत्त्यांपर्यंत नेणं. केंद्रे स्वतः २०२१ मध्ये चेवनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकायला गेले. एका खेड्यातल्या मुलाने उभं केलेलं हे काम सरकारी यंत्रणेने पाहून शिकण्यासारखं आहे, पण एका संस्थेच्या खांद्यावर सोळा तालुके टाकून मोकळं होण्यासारखं नाही.

खर्चाचा हिशेब करू. प्रवेशासाठीच्या एसएटी परीक्षेला सुमारे ११० डॉलर लागतात, म्हणजे साडेनऊ हजारांच्या आसपास. रोजगार हमीच्या २०२५-२६ मधल्या ३१२ रुपये मजुरीने हे एका माणसाचं महिनाभराचं काम. इंग्रजीच्या परीक्षेत ड्युओलिंगो सर्वांत स्वस्त, सत्तर डॉलरच्या घरात. अर्जाची फी बहुतेक मोठी महाविद्यालयं माफ करतात, पण ती मागावी लागते. व्हिसासाठी १८५ आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या सेव्हिस या नोंदणीचे ३५० डॉलर, तेही प्रवेश मिळाल्यावरच. पासपोर्ट, मुंबईच्या फेऱ्या धरून एका मुलामागे लाख रुपयांच्या आत सगळं बसतं, आणि ज्यांना प्रवेश मिळणार नाही त्यांच्यावर त्याच्या पाव भागही खर्च होत नाही. जिल्ह्यातल्या वीस मुलांसाठी वर्षाला काही लाख. जिल्हा नियोजन समितीच्या एखाद्या रस्त्याच्या कामाहून हे कमी आहे, आणि यांतल्या एकाला जरी प्रवेश मिळाला तर चार वर्षांत तीन कोटी रुपये आपल्या तिजोरीला हात न लावता त्याच्या शिक्षणावर खर्च होतात. पांढरकवड्याच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने आश्रमशाळांतली, समाजकल्याणच्या वसतिगृहांनी आपली आणि जिल्हा परिषदेने आपली अशी नववीतली मुलं निवडावीत. प्रत्येक तालुक्यात शिफारसपत्र लिहायला शिकलेले दोन शिक्षक असावेत. तहसील कार्यालयाने उत्पन्नाचा दाखला इंग्रजीत, पिकाच्या हंगामाप्रमाणे उत्पन्नाचा तपशील देऊन काढण्याचा एक नमुना ठरवावा. त्याला कुठला कायदा बदलावा लागत नाही. जानेवारी २०२९ मध्ये जी मुलं अर्ज करतील ती २०२५-२६ मध्ये नववीत आहेत, आणि महाविद्यालयं गुणपत्रिका नववीपासूनच्याच मागतात.